बेसबॉल नीट फेकायचा कसा? जोर लावला की बॉल उंच आणि उजवीकडे जातो

मधला_स्टंप:
नमस्कार मंडळी, थोडक्यात विचारतो म्हणून लांबड लावणार आहे, सांभाळून घ्या. मी मूळचा क्रिकेटवाला, मीडियम पेस टाकायचो, आता मित्रांच्या नादाने बेसबॉल सुरू केलाय. बॅटिंगचं सोडा, ती जमेल तेव्हा जमेल, पण वाटलं होतं की थ्रो तरी आपला बरा असणार कारण बाउंड्रीवरून कीपरकडे फेकायची सवय आहे. तर तसं काही नाहीये. मला थर्ड बेसवर उभं करतात आणि तिथून फर्स्टला मारलेला थ्रो (बॅटर धावत फर्स्ट बेसला पोचायच्या आत बॉल पोचला की तो बाद) बहुतेक वेळा फर्स्ट बेसमनच्या डोक्यावरून आणि उजवीकडे जातो (म्हणजे माझ्या उजवीकडे, मी उजव्या हाताने फेकतो). जोर लावला की जास्तच. हळू फेकला तर नीट जातो पण तोपर्यंत रनर पोचून हात झटकत उभा असतो. वर दुसऱ्या दिवशी खांद्याच्या मागे दुखतं आणि कधीकधी कोपराच्या आतल्या बाजूलाही.

कोच सारखे म्हणतात बॉडी वापर, हाताने फेकू नको. अहो पण बॉल हातात आहे ना, मग हाताने नाही तर कशाने फेकू? व्हिडिओ बघितले तर प्रत्येकाचं वेगळंच, एक म्हणतो कोपर वर ठेवा, दुसरा म्हणतो कोपराचा विचारच करू नका. कोणीतरी अगदी ग्रिपपासून सांगा प्लीज, मला काहीच येत नाही असं धरून.

शॉर्टस्टॉप_६४३:
कोच बरोबर सांगतायत पण अर्धंच सांगतायत. हाताने फेकू नको म्हणजे हात शेवटी येऊ दे. आधी पाय, मग कंबर, मग छाती, मग खांदा, कोपर, मनगट आणि सगळ्यात शेवटी बोटं. तुझा बॉल उंच आणि उजवीकडे जातोय म्हणजे बहुतेक छाती लवकर उघडतेय आणि हात मागे राहून जातोय, तो वेळेवर पुढे पोचत नाही आणि बॉल लवकर सुटतो. जोर लावल्यावर वाढतं हे त्याचंच लक्षण, कारण जोर लावायचा म्हटलं की माणूस सगळ्यात आधी डावा खांदा झटकतो.

ग्रिप उरकून टाकतो, ती सोपी आहे. बेसबॉलची शिवण क्रिकेट बॉलसारखी एका सरळ पट्ट्यात नसते, ती वळणं घेत सगळ्या बॉलभर फिरते, लाल दोऱ्याचे १०८ दुहेरी टाके. बॉल हातात फिरवत राहिलास की एका ठिकाणी शिवणीचा यू आकार दिसेल, तो यू आडवा धर आणि पहिलं बोट व मधलं बोट शिवणीला काटकोनात ठेव, बोटांची टोकं दोऱ्यावर आली पाहिजेत, दोन्हीत साधारण एका बोटाची फट. अंगठा बरोबर खाली, दोन बोटांच्या मधोमध. ही फोर सीम ग्रिप, कारण बॉल एक गिरकी पूर्ण करतो तेव्हा चार शिवणी हवेसमोर येतात. बॉल तळव्यात रुतवायचा नाही, तळवा आणि बॉल यांच्यात उजेड दिसला पाहिजे. अशाने बॉलला सरळ बॅकस्पिन मिळतो आणि तो रेषेत जातो, बोटं बाजूला घसरली की स्पिन तिरका होतो आणि बॉल वळायला लागतो. वळवणं हे पिचरचं (बॅटरला बॉल टाकणाऱ्याचं) काम, फिल्डरचा बॉल वळला तर फर्स्ट बेसमन शिव्या घालतो. ग्लव्हमध्ये आलेला बॉल न बघता असा पकडता यायला हवा, त्यासाठी नुसतं बसल्या बसल्या ग्लव्हमध्ये बॉल आपटायचा आणि ग्रिप शोधत बाहेर काढायचा, शेजारी बसलेला माणूस वैतागेल पण बोटं शिकतात.

आता पाय, खरा खेळ इथे आहे. बॉल उचललास की उजवा पाय आडवा टाक, घोट्याची आतली बाजू फर्स्ट बेसकडे. तो आडवा पडला की डावा खांदा आणि डावी कंबर आपोआप टार्गेटकडे येते, वेगळं काही करावं लागत नाही. मग डावा पाय टार्गेटच्या दिशेने. सरावाला जमिनीवर रेघ मार, उजव्या पायापासून थेट टार्गेटकडे, आणि डावा पाय कुठे पडतो ते बघ. रेघेच्या बराच डावीकडे पडला तर तू आधीच उघडलास, आणि बराच उजवीकडे पडला तर स्वतःच्या अंगावरून आडवं फेकावं लागणार. डावा पाय टेकेपर्यंत छाती बंदच ठेवायची. पाय टेकतो, कंबर फिरायला लागते आणि छाती क्षणभर मागे राहते, ओला टॉवेल पिळल्यासारखा पीळ बसतो, तो पीळ सुटतो ना तिथून वेग येतो. कंबर आणि खांदे एकदमच फिरले तर पीळच नाही, मग सगळा जोर बिचाऱ्या हाताला काढावा लागतो आणि तो दुसऱ्या दिवशी तक्रार करतो.

डाव्या हाताचं कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. ग्लव्ह मागे भिरकावू नको. ग्लव्ह टार्गेटच्या बाजूला गेलेला असतो, तो छातीशी येऊ दे, किंवा खरं म्हणजे छाती ग्लव्हकडे जाऊ दे. डावा हात मागे फेकला की डावा खांदा उघडलाच समज.

बॉल सुटल्यावर हात तिथेच थांबवायचा नाही. तो डाव्या मांडीच्या बाहेरपर्यंत जाऊ दे, पाठ वाकू दे, उजवा पाय उचलून पुढे येऊ दे. खांद्याच्या मागे दुखतं त्यातलं बरंचसं या ब्रेक मारण्यामुळे असतं, पळता हात थांबवायचं काम मागच्या बारक्या स्नायूंना करावं लागतं आणि त्यांना जितकं लांब अंतर देशील तितकं सोपं.

फावला_वेळ:
वरचं सगळं बरोबर पण आधी मोबाईलवर व्हिडिओ काढ. स्लो मोशन. एक बाजूने, एक बरोबर मागून. आपण काय करतोय असं आपल्याला वाटतं आणि आपण खरंच काय करतो यात जमीन अस्मानाचा फरक असतो. व्हिडिओशिवाय इथे सल्ले देणं म्हणजे फोनवर ताप मोजणं.

मधला_स्टंप:
@शॉर्टस्टॉप_६४३ एवढं टाइप केलंत, खूप आभार. @फावला_वेळ काढला व्हिडिओ, बघून लाजच वाटली. डावा पाय रेघेच्या चांगलाच डावीकडे पडतोय, ते सांगितलं तसंच. पण अजून एक गोष्ट दिसली, माझा हात मागे जातो तेव्हा कोपरात वाकतच नाही, जवळजवळ सरळ राहतो आणि तसाच वरून फिरून येतो. हे चुकीचं आहे का? बघायला तर दमदार वाटतं.

नऊ_इनिंग:
दमदार वाटणारच, ती तुझी बोलिंग आहे!! क्रिकेटमध्ये बॉल टाकताना कोपर १५ अंशापेक्षा जास्त सरळ झालं की अ‍ॅक्शन बेकायदेशीर, त्यामुळे बोलर वर्षानुवर्षं हात सरळ ठेवून खांद्यातून फिरवायला शिकतो. थ्रो बरोबर उलटा आहे. इथे कोपर वाकलंच पाहिजे आणि मग ते फटकन सरळ झालं पाहिजे, सगळा वेग त्यातूनच बोटांपर्यंत जातो. बाउंड्रीवरून थ्रो करताना तू बहुतेक धावत यायचास आणि त्या धावेवर निभावून जायचं, थर्ड बेसवर धाव मिळत नाही म्हणून आता उघडं पडलं.

कोपराचं भांडण मिटवून टाकू या. डावा पाय टेकतो त्या क्षणी उजवं कोपर साधारण दोन्ही खांद्यांच्या रेषेत असावं आणि काटकोनाच्या आसपास वाकलेलं असावं. बस, इतकंच. खांद्याच्या खाली राहिलं की बॉल ढकलला जातो, गोळाफेकीसारखा. पण कोपर वर कोपर वर असं ऐकून लोक ते कानाच्या वर नेतात आणि खांदा अडकवून घेतात, ते जास्त वाईट. बॉल वरून सुटतो की तिरका सुटतो हे कोपर वर खाली करून ठरत नाही, धड किती कललंय त्यावर ठरतं. पूर्ण वरून फेकणारे पिचर बघ, त्यांचं कोपर खांद्याच्या रेषेतच असतं, कललेलं असतं ते अख्खं धड.

हात मागे न्यायचा कसा तर दोन्ही हात छातीसमोर जोडलेले, तिथून सुटताना दोन्ही अंगठे खाली, बॉल उजव्या मांडीजवळून मागे आणि मग वर. लहानपणी शिकवतात तसं बॉल मागच्या प्रेक्षकांना दाखवा वगैरे मी सांगणार नाही, मोठे खेळाडू सगळे तसं करत नाहीत आणि मुद्दाम करायला गेलं की हात ताठ होतो. इनफिल्डरला (बेसच्या आसपास उभ्या असणाऱ्या फिल्डरला) तर एवढा मोठा वळसा घ्यायला वेळच नसतो, त्याचा हात आखूडच असतो, कानाच्या मागे जाऊन येतो जेमतेम.

अजून एक. हात पुढे यायला लागला की कोपरापासून पुढचा भाग आपोआप मागे लोळतो, तळवा आभाळाकडे होतो, फोटोत बघितलं तर हात मोडल्यासारखा दिसतो. ते मुद्दाम करायचं नाही. मेजर लीगच्या (अमेरिकेतली सर्वात वरची लीग) पिचरचा खांदा पुढे येताना सेकंदाला ७००० अंशाच्या आसपास वेगाने आत फिरतो, म्हणजे ती सगळी हालचाल होते तेव्हा डोक्याने काही ठरवायला वेळच नसतो. म्हणून ज्याचा विचार करता येतो तेवढ्याचाच करायचा, ग्रिप, पाय, डावा खांदा बंद. बाकीचं होऊ द्यायचं.

शॉर्टस्टॉप_६४३:
@नऊ_इनिंग बोलिंगचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं, भारी पकडलंत. अंगठे खाली बद्दल मात्र माझं मत वेगळं. सुरुवातीला ठीक आहे पण काही जण अंगठा इतका खाली फिरवतात की पाय टेकला तरी बॉल खालीच असतो, हात उशिरा, मग तेच, बॉल उंच उजवीकडे. याच्या बाबतीत मी म्हणेन हात वेळेवर वर आला पाहिजे, अंगठा कुठेही असो.

नऊ_इनिंग:
मान्य. पाय टेकेल तेव्हा बॉल वर हवा, हे महत्त्वाचं.

लेकीची_कॅचर:
मध्येच घुसते, धागा वाचून विचारावंसं वाटलं. माझी मुलगी ११ वर्षांची, मुलांच्या टीममध्ये खेळते, थ्रो चांगला आहे तिचा म्हणून आता तिला पिचिंग करायला लावतायत. घरी मीच कॅचर. तिला कर्व्हबॉल (हवेत वळणारा बॉल) शिकायचाय, टीममधला एक मुलगा टाकतो म्हणून. टेक्निक वरचंच ना? आणि किती फेकू द्यायचं, ती तर थांबतच नाही.

नऊ_इनिंग:
टेक्निक तेच, अंतर लहान. लिटल लीगला (लहान मुलांच्या बेसबॉलला) त्या वयात ४६ फुटांवरून पिच करतात, मोठ्यांसारखं ६० फूट ६ इंचांवरून नाही. पण मुलांच्या बाबतीत टेक्निकइतकाच मोजदादीचा प्रश्न आहे आणि इथे अंदाजाने चालायचं कारण नाही, मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉलने पिच स्मार्ट म्हणून आकडे दिलेत. ७ ते ८ वर्षं दिवसाला जास्तीत जास्त ५० पिच, ९ ते १० ला ७५, ११ ते १२ ला ८५. आणि दिवसाचा आकडा एवढंच नाही, विश्रांतीही बांधलेली आहे. १४ पर्यंतच्या मुलांनी २० पर्यंत पिच टाकले तर दुसऱ्या दिवशी चालेल, २१ ते ३५ ला १ दिवस सुट्टी, ३६ ते ५० ला २, ५१ ते ६५ ला ३, आणि ६६ च्या वर गेलं की ४ दिवस. वर्षातून किमान ४ महिने थ्रोइंग बंद, त्यातले २-३ महिने सलग. पिचर आणि कॅचर अशा दोन्ही जागा एकाच मॅचमध्ये एकाच मुलाला देऊ नयेत, कारण कॅचरही दर बॉलला फेकतच असतो. घरी तुमच्याकडे टाकलेले बॉल या मॅचच्या आकड्यात धरले जात नाहीत, पण तिचा हात ते मोजतोच, म्हणून मॅचच्या आदल्या दिवशी घरचं बंद ठेवा.

या वयात कोपराच्या आतल्या बाजूचं हाड वाढत असतं, तिथली वाढीची पट्टी कूर्चेची असते आणि तीच सगळ्यात कच्ची. सारखा ताण पडला की ती दुखायला लागते, त्याला चक्क लिटल लीगर्स एल्बो असंच नाव आहे. कर्व्हबॉलबद्दल लोक भांडतात, पण जास्त फेकणं हा मोठा गुन्हेगार आहे यावर फारसं भांडण नाही. मी असतो तर आत्ता फोर सीम आणि त्याच हाताच्या वेगाने टाकलेला चेंजअप (बॅटरला फसवायला हळू येणारा बॉल) एवढंच शिकवलं असतं, चेंजअपला मनगट फिरवावं लागत नाही आणि त्या वयाचे बॅटर त्यावर हमखास फसतात. दुखतंय म्हणाली की त्या दिवशी तिथेच थांबायचं, एक शेवटचा वगैरे नाही.

लेकीची_कॅचर:
थँक्यू!! हे आकडे वहीत लिहून घेतले, आता तिच्याशी भांडायला पुरावा आहे. चेंजअप ऐकून खूश झाली, नाव आवडलं.

दुखरा_खांदा:
नावावरून कळलंच असेल मी का आलोय. @मधला_स्टंप, खांद्याच्या मागे जडपणा, दुसऱ्या दिवशी ठसठस, दोन दिवसांत बरं, हे नवीन माणसाला होतं. कोपराच्या आतल्या बाजूचं दुखणं मात्र या खात्यात टाकू नको. तिथे यूसीएल नावाचा लिगामेंट असतो, हात मागे लोळतो तेव्हा कोपर बाहेर उघडायला बघतं आणि हा त्याला धरून ठेवतो. तो फाटला की पूर्वी पिचरचं करिअर संपायचं. १९७४ मध्ये डॉजर्स टीमच्या पिचर टॉमी जॉनवर डॉ. फ्रँक जोब यांनी दुसरीकडचा टेंडन काढून तिथे बसवायचं ऑपरेशन केलं, ७५ चा अख्खा सीझन तो खेळला नाही, ७६ ला परत आला आणि थेट १९८९ पर्यंत खेळला. म्हणून त्या ऑपरेशनला त्याचंच नाव पडलं. घाबरवायला सांगत नाहीये, हौशी माणसाचं तिथपर्यंत सहसा जात नाही. पण आतल्या बाजूला नेमक्या एका जागी टोचल्यासारखं दुखत असेल, किंवा करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील, किंवा फेकताना टक् असं काही जाणवलं तर फेकणं बंद आणि सरळ डॉक्टर. फोरमवर विचारायचं नाही.

आणि गरम झाल्याशिवाय फेकायचं नाही. लोक बॉल फेकून हात गरम करतात, उलटं आहे, हात गरम करून मग बॉल फेकायचा. थोडं पळ, खांदे फिरव, रबर बँड असेल तर बाहेरच्या बाजूला खेचायचे व्यायाम कर, मग जवळून सुरुवात.

मधला_स्टंप:
मुंग्या वगैरे नाहीत, पण तुम्ही म्हणता तसं दाखवून घेतो एकदा, तोपर्यंत जोरात फेकत नाही. हळूहळू फेकताना रेघेवर पाय टाकायला लागलो तर उजवीकडे जाणं बरंच कमी झालं. आता नवीनच, बॉल खाली जातोय, फर्स्ट बेसमनच्या पायात. आणि सरावाला रोज पार्टनर मिळत नाही, भिंतीवर चालेल का?

शॉर्टस्टॉप_६४३:
खाली जातोय म्हणजे छाती बंद राहायला लागली आणि आता बॉल जरा उशिरा सुटतोय. वरच्या चुकीपेक्षा ही चूक परवडली, खाली आलेला बॉल निदान अडवता येतो, डोक्यावरून गेला की रनर सेकंडला. नजर फर्स्ट बेसमनच्या छातीवर ठेव, ग्लव्हवर नको. आपोआप सेट होईल, मुद्दाम मनगट वर करून दुरुस्त करायला जाऊ नको.

भिंत उत्तम. पण खरा बॉल भिंतीवर मारू नको, चामडं जातं, रबराचा किंवा टेनिसचा घे. फक्त लक्षात ठेव, बेसबॉल १४२ ते १४९ ग्रॅम असतो आणि टेनिस बॉल ६० ग्रॅमही नाही, हलका बॉल बघून हात अजून जोरात फेकायला जातो, तेव्हा आवर घाल. पार्टनर असेल तेव्हा एक गंमत कर, बॉलवर बोटं ठेवतोस त्याच्या मधोमध निघून गोल फिरून परत येईल अशी मार्करची जाड रेघ मार. फेकल्यावर रेघ हवेत स्थिर पट्टी दिसली तर बॅकस्पिन सरळ आहे, रेघ लडबडताना दिसली तर बोटं बाजूने सुटतायत. कोणाला विचारायची गरज नाही, बॉलच सांगतो.

क्रम असा ठेव. उजवा गुडघा जमिनीवर, डावा पाय पुढे, नुसतं धड आणि हात, ९-१० मीटरवरून. यात पाय चुकायचा प्रश्नच नाही म्हणून हात कसा वाकतो ते नीट कळतं, तुझा बोलिंगचा हात इथेच सुटेल. मग उभं राहून पाय जागेवर पक्के, फक्त वजन मागून पुढे. मग पाऊल टाकून. हे सगळं जमलं की अंतर वाढव, आधी १८ मीटर, मग २७, म्हणजे एका बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंत. अंतर वाढल्यावर बॉल आपोआप वर मारायला लागलास की तिथून एक टप्पा मागे ये.

फावला_वेळ:
थर्डवरून फर्स्ट तिरकं पडतं, १२७ फूट, म्हणजे ३९ मीटरच्या आसपास. नवीन माणसाला तिथे उभं करणाऱ्या कोचला माझा नमस्कार सांग.

नऊ_इनिंग:
@फावला_वेळ 😂 खरंय. पण तिथेच उभं राहायचं असेल तर दोन गोष्टी कर. बॉल उचलल्यावर जागेवरून फेकू नको, उजवा पाय डाव्याच्या पुढून टाकून एक शफल घे, फर्स्टच्या दिशेने. तो आडवा पडला पाहिजे हे वर आलंच आहे. तुझ्या क्रिकेटच्या धावेची जागा तो शफल घेतो, आणि रनर जितका वेळ देतो त्यात एक शफल बसतो. दुसरं, हवेतून पोचवायचा हट्ट सोड. एक टप्पा टाकून दे, फर्स्ट बेसमनच्या चांगला आधी पडू दे म्हणजे बॉल कमरेपर्यंत उसळून येतो, अगदी पायाशी पडला तर त्याला काढता येत नाही. सपाट आणि एक टप्पा हा उंच फेकलेल्या लांब बॉलच्या आधी पोचतो बऱ्याचदा. मोठे खेळाडूही अडचणीत असले की हेच करतात.

मधला_स्टंप:
एक टप्पा चालतो हे मला कोणी सांगितलंच नव्हतं!! डॉक्टरांनी हो म्हटलं की गुडघ्यावरून सुरू करतो. शफलला उजवा पाय डाव्याच्या पुढून की मागून, हे पुन्हा एकदा सांगा, मागून टाकणारे पण व्हिडिओ दिसले.

नऊ_इनिंग:
पुढून. मागून टाकला की वजन मागे पडतं आणि डावा खांदा परत उघडतो. मागून टाकणारे आहेत, पण त्यांचे हात बघ, मग आपले बघ.